भाड्याचा ट्रेलर आणि त्याचा तोल

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बिऱ्हाड हलविणे ही नित्याची गोष्ट आहे. नोकरी बदलली, किंवा उतारवयात उबदार प्रदेशात जाऊन राहावेसे वाटले, की कुटुंब सामान बांधते आणि हजार-दीड हजार मैलांचा प्रवास करून नव्या गावी जाते. अशा पुष्कळ कुटुंबांच्या दारात दोन वाहने उभी असतात : एक घरची मोटार आणि दुसरा पिकअप ट्रक. हा ट्रक म्हणजे आपल्या महामार्गांवरील मालमोटार नव्हे. पुढे माणसांना बसण्याची खोली आणि मागे उघडा हौदा असलेले ते एक दणकट खासगी वाहन असते. दोन्ही वाहने चालवीत न्यावयाची तर दोन चालक हवेत आणि मुक्कामाचे गाव येईपर्यंत दोघांनी एकमेकांची सोबत राखली पाहिजे. एकट्या माणसाला तर हे शक्यच नसते. अशा वेळी मोटार एका ट्रेलरवर चढवितात आणि तो ट्रेलर आपल्याच ट्रकमागे जोडून नेतात. वर्षातून एखादे वेळी लागणारी ही वस्तू कोणी विकत घेऊन ठेवीत नाही. ती भाड्याने मिळते.

या धंद्याची सुरुवातच मुळी अशा एका बिऱ्हाडातून झाली. दुसरे महायुद्ध संपत असता, १९४५ साली, आरमारातून मुक्त झालेले लेनर्ड शोएन व त्यांच्या पत्नी ॲना मेरी कार्टी यांना लॉस एंजलिसहून पोर्टलंड भागात राहावयास जावयाचे होते. सामानासाठी ट्रेलर भाड्याने घ्यावा, तर तो घेतल्या ठिकाणीच परत नेऊन द्यावा लागे. एका गावी घ्यावा आणि दुसऱ्या गावी सोडून द्यावा, अशी सोय कोठेच नव्हती. त्या वर्षी वॉशिंग्टन राज्यातील रिजफील्ड येथे कार्टी कुटुंबाच्या शेतावर, पाच हजार डॉलरांच्या भांडवलावर, या दांपत्याने ट्रेलर तयार करण्यास आरंभ केला. ठिकठिकाणच्या पेट्रोल पंपांचे मालक त्यांचे अडते झाले. यू-हॉल या नावाने आज सर्वत्र ओळखली जाणारी संस्था ती हीच. १९४९ अखेर देशाच्या बहुतेक भागांत एका शहरी ट्रेलर घेऊन दुसऱ्या शहरी तो परत करता येऊ लागला होता.

व्यवहार अगदी साधा आहे. ग्राहक आपला ट्रक घेऊन येतो, चालविण्याचा परवाना दाखवितो, कोणती मोटार न्यावयाची ते सांगतो, पैसे भरतो आणि ट्रेलर जोडून घेऊन निघतो. अशा ट्रेलरसाठी बहुधा वेगळा परवाना लागत नाही. ज्याने आयुष्यात कधी मागे काही ओढून नेलेले नाही असा गृहस्थही अर्ध्या तासात दोन-अडीच टनांचे धूड मागे लावून हमरस्त्यावर येतो. वाहन तेच, रस्ता तोच आणि चालविणाराही तोच. परंतु त्या वाहनाच्या चलनाचे नियम मात्र पालटलेले असतात. ते कसे, हे समजून घेतले नाही तर पहिला धडा रस्त्यावरच मिळतो, आणि तो पुष्कळदा फार महाग पडतो.

मोटार ओढून नेण्याची साधने मुख्यतः दोन. एकाला डॉली म्हणतात. तिच्यावर मोटारीची केवळ पुढची चाके चढवितात आणि मागची चाके रस्त्यावरून फिरत येतात. दुसरे साधन म्हणजे पुरता ट्रेलर. त्याला बहुधा दोन आस व चार चाके असतात आणि मोटार चारही चाकांसह त्यावर उभी राहते. ज्या मोटारीची मागची चाके इंजिनाला जोडलेली आहेत अशी मोटार डॉलीवरून तशीच ओढीत नेली तर तिच्या गिअरपेटीला इजा पोचण्याचा संभव असतो. म्हणून लांबच्या प्रवासासाठी पुरता ट्रेलरच अधिक पसंत केला जातो, आणि येथे विचार करावयाचा आहे तो त्याचाच.

पहिला प्रश्न वजनाचा. यू-हॉलच्या मोटार नेणाऱ्या ट्रेलरचे स्वतःचे वजन २,२१० पौंड, म्हणजे सुमारे १,००० किलोग्रॅम आहे आणि त्यावर जास्तीत जास्त ५,२९० पौंड, म्हणजे सुमारे २,४०० किलोग्रॅम भार ठेवता येतो. ग्राहक मोटारीचे वजन लक्षात ठेवतो आणि ट्रेलरचे विसरतो, ही नेहमीची चूक. दीड टनाची मोटार न्यावयाची म्हणजे अडीच टन ओढावयाचे असतात. ट्रकच्या माहितीपुस्तकात ओढण्याची कमाल मर्यादा दिलेली असते. परंतु हौद्यात सामान आणि खोलीत माणसे भरली की ती मर्यादा तितकी राहत नाही, कारण ट्रक, त्यातील भार आणि ट्रेलर या सर्वांच्या एकत्रित वजनालाही एक मर्यादा असते.

ही मर्यादा कारखानदार कशी ठरवितात, हा प्रश्न एके काळी वादाचा होता. प्रत्येक जण आपापल्या रीतीने मोजमाप करी आणि जाहिरातीत मोठा आकडा छापी. अमेरिकेतील मोटार अभियंत्यांच्या संघटनेने २००८ साली जे २८०७ या क्रमांकाचे एक मानक प्रसिद्ध केले, त्यामुळे मोजमापाला एकच रीत मिळाली. त्यातील एका परीक्षेचा घाट मोठा प्रसिद्ध आहे. कोलोरॅडो नदीवरील डेव्हिस धरणाजवळून ॲरिझोना राज्यात हा रस्ता वर चढतो आणि ११.४ मैलांत, म्हणजे सुमारे १८ किलोमीटरांत, साधारण ९०० मीटर उंची गाठतो. हवा किमान १०० अंश फॅरनहाइट तापलेली असावी, ट्रकमधील वातानुकूलन यंत्र पूर्ण जोराने चालू असावे आणि पूर्ण भाराचा ट्रेलर ओढीत असताही वेग ताशी ४० मैलांच्या खाली येऊ नये, अशी अट आहे. मागे दुहेरी चाके असणाऱ्या जड ट्रकांना ५ मैलांची सवलत मिळते. तथापि इंजिनाचे सामर्थ्य हा या विषयातील सोपा भाग होय. चढावर ट्रक दमला तर तो मंद होईल, फार तर थांबेल. खरा धोका वेग चांगला असताना, सपाट व मोकळ्या रस्त्यावर उद्भवतो.

तो समजण्यासाठी प्रथम जोडणीकडे पाहिले पाहिजे. ट्रकच्या मागील बाजूस पोलादाचा एक गोळा बसविलेला असतो. ट्रेलरची दांडी पुढे निमुळती होत येते आणि तिच्या टोकाला असलेला वाटीसारखा भाग, ज्याला कपलर म्हणतात, तो या गोळ्यावर बसवून खालून अडकवितात. गोळ्यावर वाटी सर्व दिशांनी फिरू शकते. त्यामुळे वळणावर व चढउतारावर ट्रेलरला मोकळीक मिळते. गोळे तीन मापांचे प्रचलित आहेत : पावणेदोन इंचांहून किंचित मोठा, दोन इंची, आणि सव्वादोन इंचांहून किंचित मोठा. मोठ्या मापाच्या वाटीत दोन इंची गोळा बसतो, अडकल्यासारखाही वाटतो, पण रस्त्यावरील पहिल्या मोठ्या धक्क्याला वाटी उचलली जाऊन निसटू शकते. म्हणून जाणते लोक जोडणी झाल्यावर ट्रेलरच्या दांडीचा जॅक फिरवून दांडी वर उचलू पाहतात. दांडीबरोबर ट्रकचा मागचा भागही वर येऊ लागला तर जोडणी पक्की समजावी. दांडीखालून दोन सुरक्षा साखळ्या एकमेकींना छेद देऊन ट्रकला अडकवितात, त्याचेही कारण आहे. वाटी निसटलीच तर त्या साखळ्यांची झोळी होते आणि दांडी रस्त्यात न रुतता तिच्यावर तोलली जाते.

आता तोलाकडे वळू. ट्रेलर म्हणजे एक तरफच आहे. तिचा टेकू चाकांच्या आसापाशी असतो आणि पुढचे टोक गोळ्यावर टेकलेले असते. भाराचा गुरुत्वमध्य आसाच्या पुढे असेल तर दांडी गोळ्याला खाली दाबते. तो आसाच्या मागे गेला तर दांडी गोळ्याला वर उचलू लागते. बैलगाडी हाकणाऱ्या शेतकऱ्याला हे निराळे सांगावे लागत नाही. भार पुढे फार झाला तर गाडी ‘धुरजड’ झाली असे तो म्हणतो आणि बैलांच्या मानेवरील जू हलके करण्यासाठी पोती मागे सरकवितो. मागे फार झाला तर गाडी ‘उलाळ’ होते, म्हणजे जू वर उचलले जाऊ लागते. बैलाच्या मानेला जे जाणवते ते ट्रकच्या पोलादी गोळ्याला जाणवत नाही, एवढाच फरक.

अमेरिकेतील रूढ नियम असा आहे की, भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी शेकडा १० ते १५ इतका भार दांडीवाटे गोळ्यावर यावा. अडीच टनांच्या उदाहरणात तो २५० ते ३७५ किलोग्रॅम होतो. गोळा आणि आस यांतील अंतर ४ मीटर धरू. आस दोन असल्यास त्यांचा मध्यबिंदू घ्यावा. गोळ्यावर ३०० किलोग्रॅम भार हवा असेल तर ३०० गुणिले ४, म्हणजे १,२०० या गुणाकाराला एकूण वजन २,५०० ने भागावे, उत्तर ०.४८ येते. म्हणजेच मोटार व ट्रेलर या दोहोंचा मिळून होणारा गुरुत्वमध्य आसाच्या केवळ ४८ सेंटीमीटर पुढे असला पाहिजे. आठ-नऊ पावले लांबीच्या वाहनात ही हातभर जागा सर्व काही ठरविते.

समजा, मोटार चढविताना चालकाने ती ३० सेंटीमीटर मागेच उभी केली. मोटारीचे वजन १,५०० किलोग्रॅम असल्याने १,५०० गुणिले ०.३ भागिले ४ या हिशेबाने गोळ्यावरील भार सुमारे ११२ किलोग्रॅमनी घटतो आणि १८८ वर येतो. हे प्रमाण साडेसात टक्के झाले. नियमाने घालून दिलेली मर्यादा ओलांडली गेली. यापेक्षा मोठी चूक म्हणजे मोटार उलटी, पाठ पुढे करून चढविणे. आजच्या पुष्कळ मोटारींत इंजिन पुढे असते आणि त्यामुळे वजनाचा सुमारे साठ टक्के वाटा पुढच्या चाकांवर पडतो. पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर २.६ मीटर असेल तर मोटारीचा गुरुत्वमध्य त्या अंतराच्या मध्यापासून २६ सेंटीमीटर पुढे येतो. मोटार उलटी फिरविली की तो तितकाच मागे जातो. सारी मिळून ५२ सेंटीमीटरांची हालचाल होते आणि गोळ्यावरील भार १९५ किलोग्रॅमनी उतरून १०५ वर येतो. मोटार तीच, ट्रेलर तोच, पट्टेही तितकेच घट्ट. आणि तरीही हा ट्रेलर भरधाव रस्त्यावर नेण्यास अयोग्य झाला! भाड्याच्या दुकानात ‘मोटारीचे तोंड पुढेच असावे’ अशी सक्त सूचना असते ती याच कारणाने. ती मोडण्याचा मोह मात्र होतो; कारण बंद पडलेली मोटार ढकलताना जसे जमेल तसे चढवून मोकळे व्हावे, असे थकलेल्या माणसाला वाटते.

पुढे भार कमी असला म्हणून बिघडते काय? रस्त्यावरून जाताना ट्रेलरला बाजूने धक्के बसतच असतात. शेजारून मोठी मालमोटार वेगाने गेली की हवेचा लोट येतो. पुलावर आडवा वारा असतो. चालक मार्गिका बदलताना चक्र थोडे झटक्याने फिरवितो. अशा धक्क्याने ट्रेलर गोळ्याभोवती किंचित आडवा होतो. त्याची चाके आता आपल्या दिशेत तिरपी घासतात आणि त्या घर्षणाचा जोर त्याला पुन्हा रेषेत आणतो. परंतु झोपाळा जसा मध्यावर येऊन थांबत नाही, तसा हा ट्रेलरही रेषेपाशी थांबत नाही. तो दुसऱ्या बाजूस जातो. वेग बेताचा असेल तर टायरांचे घर्षण प्रत्येक हेलकाव्यातील ऊर्जा खाऊन टाकते आणि दोन-तीन झोक्यांत ट्रेलर शांत होतो. वेग वाढत जातो तशी ही शमविण्याची क्रिया दुबळी पडत जाते. अखेर एक वेग असा येतो की, हेलकावा जितका गेला तितकाच परत येतो. त्याच्याही पलीकडे गेल्यास प्रत्येक हेलकावा आधीच्याहून मोठा होतो. वाढीला लागणारी ऊर्जा वाहनाच्या पुढे जाणाऱ्या गतीतूनच मिळत असल्यामुळे तिला तोटा नसतो. ट्रेलर आपल्या दांडीने ट्रकचा मागचा भाग डावीउजवीकडे रेटू लागतो आणि काही सेकंदांत दोन्ही वाहने रस्त्यावर आडवी होतात.

तो घातक वेग किती, हे प्रत्येक जोडीचे निराळे असते. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात मोटार व ट्रेलर यांच्या स्थैर्यावर केलेले प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाले. त्यांत वजने सरकविता येतील असा एक ट्रेलर वापरून निरीक्षणे केली होती. दांडीवरचा भार, आसाची जागा आणि वजनाची पसरण या तीन गोष्टींचा स्थैर्यावर मोठा परिणाम होतो, असे आढळले. पसरण म्हणजे काय, ते काठीच्या उदाहरणाने कळेल. काठीच्या मध्यावर दोन विटा बांधल्या तर ती हाताने सहज वळविता येते. त्याच विटा दोन टोकांना बांधल्या तर वळविणे जड जाते आणि वळू लागल्यावर थांबविणेही जड जाते. म्हणून ट्रेलरवर मोटारीखेरीज मागच्या टोकाला पेट्या, सायकली, लोखंडी सामान लादणे दुहेरी वाईट. मोटारीची डिकी सामानाने ठासून भरणे हाही त्यातलाच प्रकार होय.

तर मग दांडीवर भरपूर भार टाकावा, असेही करून चालत नाही. गोळा हा ट्रकच्या मागच्या चाकांच्याही मागे असतो. ट्रकच्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर ३.६ मीटर आणि गोळा मागच्या आसापासून १.२ मीटर मागे असेल, तर गोळ्यावरील दर तीन किलोग्रॅमला पुढच्या चाकांवरचा एक किलोग्रॅम उचलला जातो. ३०० किलोग्रॅमला १०० हे प्रमाण सोसण्याजोगे आहे. तेच ६०० झाले तर पुढची चाके २०० किलोग्रॅमनी हलकी होतात आणि मागचा आस ८०० किलोग्रॅम अधिक वाहतो. ट्रकचे शेपूट बसते, दिव्यांचा झोत समोरून येणाऱ्यांच्या डोळ्यांत जातो आणि जी चाके दिशा देतात त्यांचीच जमिनीवरील पकड सैल होते.

हेलकावे सुरू झालेच तर काय करावे? माणसाची उपजत प्रतिक्रिया येथे नेमकी चुकीची ठरते. चालक घाबरून ट्रकचा ब्रेक दाबतो किंवा चक्र उलटसुलट फिरवून ट्रेलरला सरळ करू पाहतो. ब्रेकने ट्रक मंद होतो, पण मागचे वजन पुढे रेटा देते आणि तिरप्या झालेल्या जोडणीवर तो रेटा ट्रकला अधिकच आडवा करतो. चक्र फिरविणारा हातही हेलकाव्याच्या तालापेक्षा नेहमी थोडा मागे राहतो. त्यामुळे तो झोका थांबविण्याऐवजी झोक्याला हात देतो. योग्य उपाय वरवर पाहता निष्क्रिय वाटतो : प्रवेगकावरून पाय काढावा, चक्र सरळ व घट्ट धरून ठेवावे आणि वेग आपोआप कमी होऊ द्यावा. वेग उतरला की टायरांची शमविण्याची शक्ती परत येते. त्यानंतर वाहन बाजूला उभे करून भाराची मांडणी तपासावी. तो पुन्हा त्याच मांडणीने, तितक्याच वेगाने निघाला तर हेलकावेही पुन्हा येणारच.

भाड्याच्या ट्रेलरवरील ब्रेक मोठ्या युक्तीचे असतात. ट्रकमधून त्यांना तार लागत नाही. दांडीचा पुढचा तुकडा थोडा आत सरकू शकेल असा बसविलेला असतो. ट्रकने गती कमी केली की ट्रेलर जडत्वाने पुढेच जाऊ पाहतो. त्या रेट्याने तुकडा आत सरकतो आणि एका मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या दाबला जातो. तेथील द्रवाचा दाब नळीवाटे चाकांपर्यंत जाऊन ब्रेक लागतात. ट्रक जितका जोराने थांबेल तितका ट्रेलरही आपणहून थांबतो. या योजनेची उणीव तिच्या मूळ कल्पनेतच आहे. रेटा असेल तेव्हाच ब्रेक लागणार; हेलकाव्यांच्या वेळी पाय नुसता उचलला असता हा रेटा फारसा नसतो, त्यामुळे हे ब्रेक चालकाला इच्छेनुसार मदत करीत नाहीत. ज्यांचे विजेवर चालणारे ब्रेक ट्रकमधील वेगळ्या कळीने लावता येतात, अशा खासगी ट्रेलरांत केवळ मागचे ब्रेक हलके लावून दांडी ताणता येते आणि जोडी सरळ करता येते.

यू-हॉलच्या ट्रेलरांवर ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर, ही कमाल मर्यादा लिहिलेली असते. कॅलिफोर्निया राज्यात तर ट्रेलर ओढणाऱ्या कोणत्याही वाहनाला कायद्यानेच तेवढी मर्यादा आहे. इतरांसाठी रस्ता ७० मैलांचा खुला असताना ५५ मैलांनी जाणे चालकाला जिवावर येते. परंतु गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५५ वरून ७० वर गेल्याने वेग सव्वापटीहून थोडा अधिक होतो, ऊर्जा मात्र १.६ पट होते. आणि हेलकाव्यांच्या घातक वेगापर्यंत उरलेले अंतरही तेवढ्याने कमी होते, ते वेगळेच. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरल्यास ते तापून निकामी होऊ लागतात. म्हणून घाटाच्या माथ्यावरच खालचा गिअर घालून इंजिनाकडून वाहन आवरून धरण्याची रीत आहे.

प्रवासातील आणखी एक लहान कर्तव्य पुष्कळांच्या हातून राहते. मोटारीच्या पुढच्या चाकांवरून आवळलेले पट्टे पहिल्या काही मैलांत सैल पडतात. टायर दबतात, मोटार स्प्रिंगांवर खाली बसते आणि कापडी पट्ट्याला ढिलाई येते. थोडे अंतर गेल्यावर थांबून पट्टे पुन्हा आवळावे लागतात, साखळ्या पाहाव्या लागतात आणि ट्रेलरच्या चाकांना हात लावून एखादे अवाजवी तापले नाही ना, हे तपासावे लागते.

मुक्कामाला पोचल्यावर घाईने ट्रेलर सोडवून मग मोटार उतरविण्याचा विचार कोणाच्या मनात आला, तर तरफेचा नियम तेथेही जागा असतो. मोटार मागे सरकत उताराच्या फळ्यांकडे जाऊ लागली की तिचे वजन आसाच्या मागे जाते आणि दांडीवरील भार शून्यावरून पुढे उलटा होतो. ट्रकचे वजन वर नसेल तर दांडी एकदम हवेत उडते आणि समोर उभ्या माणसाला जबर इजा होऊ शकते. म्हणून मोटार चढविणे व उतरविणे ही दोन्ही कामे सपाट जागी, ट्रेलर ट्रकला जोडलेला असताना आणि ट्रकचा हातब्रेक ओढलेला असतानाच करतात. तरीही मोटारीची चाके ट्रेलरच्या मागच्या कडेवर येतात त्या क्षणी ट्रकचे शेपूट चार बोटे वर उचललेले दिसते. मोटार जमिनीवर उतरते आणि ट्रक पुन्हा आपल्या स्प्रिंगांवर स्थिर होतो. मग दांडीचा जॅक खाली टेकवून वाटी गोळ्यावरून सोडवितात, साखळ्या काढून घेतात आणि रिकामा ट्रेलर पुढच्या बिऱ्हाडासाठी आवारात उभा राहतो.